घरी घ्यायचं एचपीव्ही टेस्ट किट: टेस्ट एक नंबर, रिपोर्ट मात्र बाईला वाऱ्यावर सोडतो

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. टेस्ट घ्या. एचपीव्ही हा एक व्हायरस, त्याचे काही प्रकार गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकतात, आणि ते अंगात आहेत का हे ही टेस्ट बघते. तिशी ओलांडली असेल आणि आजवर एकदाही गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली नसेल तर नक्कीच घ्या. टेस्टला माझ्याकडून ५ पैकी ५. पण टेस्ट झाल्यावर जो रिपोर्ट हातात पडतो त्याला ५ पैकी १, आणि हा रिव्ह्यू लांबणार आहे तो त्या रिपोर्टमुळेच.

मी आणि माझी मोठी बहीण, दोघींनी एकदमच किट मागवलं होतं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताईचा पॉझिटिव्ह. त्यामुळे या सर्व्हिसच्या दोन्ही बाजू बघायला मिळाल्या, आणि खरं सांगते, निगेटिव्ह आलेल्या बाईला ही सर्व्हिस फार छान वाटते, तिची खरी परीक्षा पॉझिटिव्ह आलेल्या बाईसमोर होते.

किटबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही कारण ते सोपंच आहे. पाकिटात एक लांब दांड्याचा मऊ ब्रश, झाकणाची ट्यूब, नाव-वय लिहायचा स्टिकर आणि चित्रांसकट सूचनांचा कागद. पाळी चालू असताना सॅम्पल घ्यायचं नाही, आधीचे एकदोन दिवस आत कुठलं क्रीम वगैरे लावायचं नाही एवढी पथ्यं. ब्रश हळूच आत घालायचा, जिथे अडल्यासारखं वाटेल तिथे थांबायचं, सावकाश काही वेळा गोल फिरवायचा, बाहेर काढून ट्यूबमध्ये टाकायचा, झाकण घट्ट लावायचं, झालं. दुखत नाही, थोडं विचित्र वाटतं इतकंच. ताईला धास्ती होती की आपण नीट गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचलोच नाही तर सगळं फुकट जाईल, बऱ्याच जणींना हीच शंका असते म्हणून लिहिते. या टेस्टला पॅप स्मिअर या जुन्या तपासणीसारखं गर्भाशयाच्या तोंडावरूनच पेशी खरवडून घ्याव्या लागत नाहीत, कारण मायक्रोस्कोपखाली पेशींचा आकार बघायचाच नसतो, व्हायरसचा डीएनए आहे की नाही एवढंच शोधायचं असतं आणि तो योनीमार्गातल्या सॅम्पलमध्येही सापडतो. २०१८ मध्ये असे पन्नासहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात पीसीआर पद्धतीने (म्हणजे व्हायरसच्या डीएनएच्या भरपूर प्रती करून तो शोधायचा) केलेल्या टेस्टमध्ये बाईने स्वतः घेतलेलं सॅम्पल आणि डॉक्टरने घेतलेलं सॅम्पल, दोन्हींची पकड जवळपास सारखीच निघाली. जुन्या, पीसीआर नसलेल्या पद्धतींमध्ये मात्र स्वतः घेतलेलं सॅम्पल थोडं कमी पडतं, त्यामुळे लॅब कुठल्या पद्धतीने करते हे विचारणं गरजेचं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या डिसेंबरपासून पॅप बंद करून पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही टेस्ट असा कार्यक्रम सुरू केला आणि जुलै २०२२ पासून तिथे प्रत्येक बाईला स्वतः सॅम्पल घ्यायची मुभा आहे. म्हणजे हे डॉक्टर मिळत नाही म्हणून केलेलं दुय्यम काम नाहीये, नीट तपासून मान्य केलेली पद्धत आहे.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हा की टेबलावर पाय वर करून झोपावं लागत नाही. किती बायका फक्त त्या एका गोष्टीपायी वर्षानुवर्षं टाळत राहतात, अंगावरून जातंय, मध्येच डाग पडतोय, तरी सगळं अंगावर काढतात, हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. अर्थात इथे एक गोष्ट ठासून सांगते, ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी हे किट नाही! संबंधांनंतर रक्त येणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, यातलं काही असेल तर किट मागवत बसू नका, सरळ गायनॅककडे जा. किट आहे ते काहीच त्रास नसणाऱ्या बाईसाठी. गरोदर असाल किंवा पिशवी काढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता टेस्टला पैकीच्या पैकी का दिले ते. मी थोडी खोलात जाऊन वाचलं आणि एक अभ्यास मला सगळ्यात जास्त पटला तो उस्मानाबाद जिल्ह्यातला, आताचं धाराशिव. १९९९ मध्ये सुरू झालेला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून केलेला. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीसारखंच चालू ठेवलं. सगळ्या तपासण्या एकदाच केल्या, फक्त एकदा, आणि मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने मेलेल्या बायका ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या स्टेजला गेलेले कॅन्सरसुद्धा निम्म्यावर आले. पॅप आणि डोळ्यांनी बघायच्या तपासणीच्या गटात मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. (चौथ्या गटातल्या बायकांची तपासणीच का केली नाही यावर पुढे बरीच टीका झाली आणि मला ती टीका पटते, त्या ६४ जणीसुद्धा कुणाच्या तरी आईच होत्या.)

त्याच अभ्यासातला एक आकडा कुणी फारसा सांगत नाही, पण मला वाटतं तोच या टेस्टचा खरा गुण आहे. ज्यांची पॅप निगेटिव्ह आली होती त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात १५.५ होतं, ज्यांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली त्यांच्यात फक्त ३.७. म्हणजे ही टेस्ट जेव्हा ‘नाही’ म्हणते तेव्हा त्या ‘नाही’वर भरवसा ठेवता येतो, आणि तोही बरीच वर्षं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वयाच्या तिशीपासून ही टेस्ट दर पाच ते दहा वर्षांनी केली तरी चालते (एचआयव्ही असलेल्या बायकांनी पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी). ज्या बाईला घरातून एकदा बाहेर पडायलाच मुश्किलीने जमतं तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा.

आता रिपोर्ट.

लॅबचं नाव घेत नाही कारण चारचौघींकडे विचारलं तर वेगवेगळ्या लॅबचं हेच ऐकायला मिळालं. ताईला मोबाईलवर पीडीएफ आली. त्यात तीन ओळी. एचपीव्ही १६, नॉट डिटेक्टेड. एचपीव्ही १८, नॉट डिटेक्टेड. अदर हाय रिस्क एचपीव्ही, आणि समोर लाल अक्षरात डिटेक्टेड. खाली बारीक टाइपात ‘क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड’, म्हणजे याचा अर्थ डॉक्टरांकडून लावून घ्या. बस्स. ना कुणाचा फोन, ना एक ओळ समजावणारी. ‘हाय रिस्क’ आणि लाल रंग एवढंच तिला दिसलं, आणि मला फोन करून म्हणाली, “मला कॅन्सर झालाय गं.” ती रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. हेल्पलाइनवर दुसऱ्या दिवशी फोन केला तर समोरची मुलगी बिचारी एवढंच म्हणत राहिली की मॅडम तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तिचा दोष नाही, तिला कुणी शिकवलंच नसणार, पण ज्यांनी ही सर्व्हिस उभी केली त्यांना हे कळायला नको का की अर्धा आनंद आणि अर्धी भीती याच कागदातून जाणार आहे?

त्या तीन ओळींसोबत जे यायला हवं होतं ते मी इथे लिहिते, म्हणजे निदान ही वाचणारी बाई तरी रात्रभर रडणार नाही.

एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काहींनी नुसते चामखीळ येतात. कॅन्सर करू शकणारे साधारण १२ ते १४, आणि टेस्ट तेवढेच शोधते. त्यातही सगळे सारखे नाहीत. १६ आणि १८ हे दोघंच जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला जबाबदार आहेत, म्हणून रिपोर्टमध्ये त्यांची ओळ वेगळी असते, आणि बाकीचे सगळे ‘अदर’ मध्ये एकत्र. अमेरिकेत पोर्टलंडला २० हजारांवर बायकांवर दहा वर्षं लक्ष ठेवून हे मोजलं गेलं. सुरुवातीला १६ नंबर असलेल्यांपैकी दहा वर्षांत साधारण १७ टक्के बायकांना कॅन्सरच्या आधीची गंभीर पायरी (किंवा क्वचित कॅन्सर) सापडली, १८ नंबरवाल्यांमध्ये साधारण १४ टक्के, आणि ‘अदर’ वाल्यांमध्ये ३ टक्के. व्हायरस नसलेल्यांमध्ये १ टक्क्याहून कमी. आता ताईची ओळ बघा, तिचा नंबर ३ टक्क्यांच्या गटातला, म्हणजे शंभरातल्या ९७ जणींना दहा वर्षांत ती पायरीसुद्धा आली नाही, आणि ती पायरी आली तरी तो कॅन्सर नसतो, छोट्याशा प्रोसिजरने बरी होणारी गोष्ट असते. हे दोन वाक्यांत लिहायला लॅबचं काय जात होतं?

दुसरी गोष्ट, हा व्हायरस अंगात येणं ही अगदी सर्रास गोष्ट आहे. संबंध आलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, कळतसुद्धा नाही, आणि दहातल्या साधारण नऊ वेळा शरीर दोनेक वर्षांत त्याला स्वतःच दाबून टाकतं. औषध नाही, गोळी नाही, लागतही नाही. धोका असतो तो चिवटपणे टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनचा. तिथे व्हायरसचे दोन प्रोटीन, ई६ आणि ई७ नावाचे, आपल्या पेशीतले दोन राखणदार निकामी करतात, एक पी५३ आणि दुसरा आरबी, ज्यांचं कामच पेशीने बेसुमार वाढू नये हे बघणं असतं. राखणदार नसले की बिघाड साठत जातात, पण त्यालाही वेळ लागतो, सहसा पंधरा-वीस वर्षं. एवढा सावकाश चालणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल, आणि तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात साडेतीन लाखांच्या आसपास बायका याने गेल्या. मला याचा राग येतो, खरंच येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आणि ती कुठल्याच रिपोर्टवर नसते. ताईने दुसऱ्या दिवशी हळू आवाजात विचारलं की हे आलं कुठून, भाऊजींकडून का? बायका हे विचारतात, आणि विचारायला कुणी नसेल तर मनातल्या मनात नको ते धरून बसतात. नवरेसुद्धा बायकोवर संशय घेतात. तर, हा व्हायरस वर्षानुवर्षं शरीरात इतका कमी राहू शकतो की टेस्टमध्ये दिसत नाही आणि पुढे केव्हातरी पुन्हा दिसायला लागतो. आज पॉझिटिव्ह आली याचा अर्थ तो काल आला असा होत नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो, लग्नाआधीचा असू शकतो, कुणाकडून कुणाला हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. कंडोमनेसुद्धा धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही कारण हा त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. त्यामुळे या रिपोर्टवरून घरात भांडण करू नका, कुणाच्या चारित्र्याचा पुरावा त्यात नाहीये.

आमच्या नशिबाने गायनॅक मॅडम चांगल्या भेटल्या. त्यांनी ताईचा रिपोर्ट बघून पहिलं वाक्य बोललं ते असं, “हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, हा लक्ष ठेवायचा रिपोर्ट आहे.” पॅप केली, ती नॉर्मल आली, वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट करायला सांगितलं. १६ किंवा १८ आला असता तर सरळ कॉल्पोस्कोपी सांगितली असती म्हणाल्या, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयाचं तोंड मोठं करून बघायचं, ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो, तिथला छोटा तुकडा तपासायला घ्यायचा. काही सापडलंच तर तेवढा भाग गरम प्रोबने जाळतात किंवा तारेच्या लूपने काढतात, बहुतेक वेळा भूल फक्त तेवढ्या जागेला आणि त्याच दिवशी घरी. ताई सिगारेट ओढत नाही, पण ओढणाऱ्यांना मॅडम आवर्जून सोडायला सांगतात, कारण धुराने हे इन्फेक्शन टिकून राहायला मदत होते. वर्षाने ताईची टेस्ट निगेटिव्ह आली.

हे पुढचं पाऊल उचलणं का गरजेचं आहे यासाठी न्यूझीलंडचं उदाहरण सांगते, वाचून अंगावर काटा आला होता. ऑकलंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात १९६० आणि ७० च्या दशकांत गंभीर पायरी सापडलेल्या काही बायकांवर पूर्ण उपचार न करता नुसतं बघत राहायचं ठरवलं गेलं, त्यांना धड सांगितलंही नव्हतं. पुढे चौकशी झाली, आणि २००८ मध्ये सगळ्या नोंदी मांडल्या गेल्या तेव्हा दिसलं की उपचार न मिळालेल्यांपैकी ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला, आणि ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात १ टक्क्याहून कमी. त्या बायकांनी जे भोगलं त्यातून आपल्याला हे कळलंय, तर टेस्ट करून पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात ठेवून देणं हा त्यांचाही अपमान आहे असं मला वाटतं. आणि नेमकं तेच होतं जेव्हा रिपोर्ट बाईला घाबरवतो पण वाट दाखवत नाही.

काही जणी विचारतील की लस घेतलीये मग टेस्ट कशाला. लस उत्तम आहे, मुलींना जरूर द्या, स्वीडनमध्ये १६ लाखांवर मुली-तरुणींच्या नोंदी बघितल्या तर १७ वर्षांच्या आधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्के कमी निघाला, आणि आता तर जागतिक आरोग्य संघटना मुलींना एक डोससुद्धा चालेल म्हणते. पण लस अंगात आधीच असलेलं इन्फेक्शन घालवत नाही आणि सगळे प्रकार अडवत नाही, त्यामुळे टेस्टचं वय आलं की टेस्ट करायचीच.

एक छोटी तक्रार किटबद्दलही आहे, कधी कधी रिपोर्ट ‘इनव्हॅलिड’ येतो, म्हणजे सॅम्पलमध्ये पुरेशा पेशीच आल्या नाहीत. मैत्रिणीचं असं झालं आणि तिला वाटलं काहीतरी भयंकर आहे. तसं काही नसतं, फक्त पुन्हा सॅम्पल द्यायचं असतं, पण हेही त्या सूचनांच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

किट मागवायच्या आधी लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारा. टेस्ट पीसीआरची आहे का आणि स्वतः घेतलेल्या सॅम्पलसाठी तपासून मान्य झालेली आहे का. रिपोर्टमध्ये १६ आणि १८ वेगळे दाखवता का. आणि पॉझिटिव्ह आली तर मला फोन कोण करणार, डॉक्टर की कुणीच नाही. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही तर त्यांना सरळ नाही म्हणा आणि दुसरी लॅब बघा, किंवा ज्या गायनॅककडे पुढे जाणार असाल त्यांच्याच क्लिनिकमधून किट घ्या, तिथेही ब्रश आपला आपल्यालाच वापरता येतो, आणि रिपोर्ट आधी डॉक्टरांच्या हातात पडतो.